रुळावरची करवत आणि सुताराचा फर्मा

भोकरदन : ‘सुतार’ हा शब्द ‘सूत्रधार’ या शब्दावरून आला. सूत्र म्हणजे दोरा. गेरूत भिजवलेला दोरा लाकडाच्या दोन टोकांवर ताणून धरायचा, मधोमध चिमटीत उचलून सोडायचा आणि उमटलेल्या तांबड्या रेषेवर करवत चालवायची, ही या कारागिराची जुनी ओळख. इंचाच्या आठव्या भागाला सुतारकामात आजही ‘सूत’च म्हणतात. रेषा सरळ मारणे मात्र सोपे असते. त्या रेषेवरून यंत्र न ढळता चालविणे अवघड. सारा प्रश्न येथेच आहे.

केळना नदीकाठचे भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. १९७३ मध्ये नागपूर व मराठवाडा विद्यापीठांनी येथे केलेल्या उत्खननात हस्तिदंताची जी स्त्रीमूर्ती सापडली, तिचे इटलीतील पाँपेई येथे मिळालेल्या मूर्तीशी असलेले साम्य अभ्यासकांच्या चर्चेचा विषय ठरले. कारागिरी या गावाला नवी नाही, एवढेच त्यावरून म्हणायचे. अशा तालुक्याच्या गावातील सुतार पूर्वी तिफण, वखर आणि बैलगाडीचे चाक घडवीत असे. ट्रॅक्टर आणि लोखंडी अवजारे आली, तसे ते काम आटले. आता हाती आहेत ती प्लायवूडची कपाटे, पलंग आणि स्वयंपाकघरातील ट्रॉल्या. ही कामे गिऱ्हाइकाच्या घरीच, अंगणात किंवा गच्चीवर होतात. शहरातील कारखान्यात मोठ्या पॅनेल सॉवर कापलेल्या तयार फर्निचरशी त्यांची स्पर्धा आहे आणि कपाटाच्या दोन दारांमधली फट वर-खाली सारखी आहे की नाही, हे गिऱ्हाईकही आता वाकून पाहते.

मोठे यंत्र गच्चीवर नेता येत नाही. त्यावरचा उपाय म्हणजे ‘ट्रॅक सॉ’, म्हणजेच रुळावरून धावणारी करवत. जर्मनीतील फेस्टूल कंपनीने १९६० च्या दशकात असा रूळ बाजारात आणला. पुढे मकिता, बॉश आदी कंपन्यांनीही तो मार्ग धरला. ॲल्युमिनियमची लांब पट्टी फळीवर ठेवायची. तिच्या तळाला न घसरणाऱ्या पट्ट्या असतात आणि वर एक उंच कणा. यंत्राच्या तळातील खाच त्या कण्यावर बसते, त्यामुळे करवत डावीकडे-उजवीकडे हलू शकत नाही. खरी गंमत कडेच्या प्लास्टिक पट्टीत आहे. ही पट्टी मुद्दाम थोडी रुंद ठेवलेली असते आणि पहिल्याच फेरीत करवत ती स्वतःच्या मापाने छाटते. त्यानंतर पट्टीची कड आणि पात्याची रेषा एकच होते. खुणेवर कड ठेवली की काम झाले; शिवाय ती कड सनमायका दाबून धरीत असल्याने त्याचे कपचेही उडत नाहीत.

नामांकित कंपनीचे यंत्र रुळासह घेणे लहान सुताराला सहज परवडणारे नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतारकाम आहे आणि अवजारांसाठी १५ हजार रुपयांचे ई-व्हाउचर मिळते. पण तेवढ्यात हे भागत नाही. मात्र रुळामागील युक्ती समजली तर तोच परिणाम साध्या सर्क्युलर सॉवरही मिळविता येतो आणि तेथे कामी येतो तो सुताराचा जुना सोबती, फर्मा. एकदा नीट घडवून ठेवलेले आणि पुढे प्रत्येक कापणीला मापाची आठवण देणारे हे साधन. परदेशात त्याला जिग म्हणतात.

सहा मिलिमीटर जाडीच्या प्लायची साधारण फूटभर रुंद पट्टी तळाला घ्यावी. तिच्यावर दुसरी, अरुंद आणि तंतोतंत सरळ पट्टी डिंक व स्क्रूने बसवावी. यंत्राचा तळ या वरच्या पट्टीला टेकून चालणार असतो. तळाची पट्टी पात्याच्या वाटेपेक्षा थोडी बाहेर ठेवायची आणि पहिल्या फेरीत करवतीनेच छाटायची. झाला घरचा रूळ! वरची पट्टी जाड घेतली तर यंत्राची मोटार तिला अडते, म्हणून तीही पातळच हवी. मागे क्लॅम्प बसेल एवढी जागा सोडावी. पट्टी खरोखर सरळ आहे का, हे पाहण्याची रीत जुनी आहे. कडेने रेघ मारायची, पट्टी उलटी करून त्याच दोन टोकांतून दुसरी रेघ मारायची. दोन रेघांत मध्येच फट दिसली, तर दोष त्या फटीच्या निम्मा.

यानंतर प्रश्न येतो सारख्या रुंदीच्या पट्ट्यांचा. प्लायच्या ताव्याची रुंदी १२२० मिलिमीटर. त्यातून चार सारखे भाग हवेत म्हणून ३०५ च्या खुणा केल्या, तर चौथा भाग हमखास लहान निघतो, कारण पाते स्वतःही लाकूड खाते. २.२ मिलिमीटर जाडीच्या पात्याने तीन काप घेतले की ६.६ मिलिमीटर भुशात जातात, म्हणजे दोन सुतांहून अधिक. प्रत्येक भाग ३०३.३५ चा धरावा लागतो. हे गणित शाळकरी मुलालाही जमेल, पण अनेक घरांतील कपाटे पाहिली की ते कोणी केले असावे असे वाटत नाही. फर्मा येथे मोजण्याची गरजच संपवितो. रुळाच्या दोन्ही टोकांना काटकोनात एक-एक सारखी पट्टी जोडायची आणि त्यांवर एकाच मापाचे थांबे बसवायचे. थांबे फळीच्या कडेला टेकले की रूळ आपोआप समांतर बसतो. दोन्ही थांबे टेपने वेगवेगळे मोजून लावू नयेत; एकच लाकडी ठोकळा कापून त्यावरच दोन्ही जुळवावेत. टेपचा आकडा ढिला असतो, ठोकळा खोटे बोलत नाही. अगदी अरुंद पट्टी कापताना रुळाखाली त्याच जाडीचा तुकडा ठेवावा, अन्यथा रूळ कलतो.

काटकोनासाठी गुण्या रुळाला जोडून फर्मा करतात. त्याची परीक्षा मोठी हुशारीची आहे. एक तुकडा फर्म्याला टेकवून एक बाजू कापायची, मग कापलेली बाजू टेकवून पुढची, अशा चारही बाजू फिरवून पुन्हा पहिल्या बाजूची पाचवी कापणी करायची आणि त्या वेळी सुटलेली पट्टी जपून ठेवायची. फर्म्यात चूक असेल तर ती या पट्टीत चौपट होऊन दिसते. समजा, पट्टी ६०० मिलिमीटर लांब आहे आणि तिच्या दोन टोकांच्या रुंदीत १.२ मिलिमीटरचा फरक आहे. चाराने भागले की चूक ६०० मिलिमीटरमागे ०.३ एवढी ठरते. तेवढाच कागदाचा घडीचा तुकडा गुण्याच्या एका टोकाखाली सरकवून दोष काढता येतो. पूर्ण ताव्यासाठी मात्र ३-४-५ फुटांचा त्रिकोण आणि कर्णांची तुलना हीच खरी. गवंड्यांनाही ती ठाऊक असते.

काही ठिकाणी दगड कापण्याच्या मार्बल कटरलाच लाकडाचे दातेरी पाते लावून, संरक्षक झाकण काढून काम उरकले जाते. त्या यंत्राचा वेग मिनिटाला बारा-तेरा हजार फेऱ्यांचा असतो, तर लाकडाच्या कित्येक पात्यांवर छापलेली मर्यादा त्याहून कमी असते. पाते अडकले की यंत्र उलट उसळते आणि बोटे जातात. फर्म्याचा एक मोठा लाभ असा, की फळी आणि रूळ क्लॅम्पने धरलेले असल्याने दोन्ही हात यंत्रावर राहतात. पात्याची खोली फळीच्या जाडीपेक्षा दोन-तीन मिलिमीटरच अधिक ठेवावी आणि खाली टाकाऊ फळी अंथरावी.

प्लाय आणि एमडीएफचे फर्मे पावसाळ्यात ओल पितात. त्यांच्या कडांना सीलर किंवा लॅकरचे दोन हात द्यावेत, भिंतीला तिरके न टेकविता आडवे ठेवावेत आणि मे महिन्यात जुळविलेला गुण्या जुलैत वापरण्यापूर्वी पाच काप घेऊन पुन्हा तपासावा.