एक्स-रे स्वच्छ, तरी खुबा दुखतो

गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत, किंवा चाळिशी-पन्नाशीतल्या पुरुषांत, काही लागले-पडले नसताना जांघ दुखू लागते आणि पाय टेकवणे अवघड होते. एक्स-रे मात्र पहिले काही आठवडे निर्दोष दिसू शकतो. म्हणून ‘एक्स-रे चांगला, म्हणजे हाड चांगले’ हा निष्कर्ष इथे फसतो. खुब्याचे हाड तात्पुरते विरळ होण्याच्या या विकाराचे वर्णन कर्टिस आणि किनकेड यांनी १९५९ साली गर्भवतींमध्ये केले. हाडाच्या मज्जेत पसरलेली सूज एमआरआयमध्ये लवकर दिसते.

दुखणे बहुधा सहा ते बारा महिन्यांत आपोआप बरे होते, मग महागडी तपासणी कशाला, हा आक्षेप रास्त वाटतो. पण रक्तपुरवठा तुटून हाड मरते, तेव्हाही सुरुवातीला असेच दुखते. तिथे पुढे शस्त्रक्रिया लागू शकते. हा फरक बहुतेकदा एमआरआयच दाखवतो. शिवाय विरळ हाडावर पूर्ण भार पडला तर ते मोडू शकते, म्हणून काही काळ कुबडी वापरणे हाच उपचाराचा गाभा. गरोदरपणातली तपासणीची भीतीही बव्हंशी अनाठायी आहे, कारण एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात. वजन टाकताना खुबा दुखतच राहिला, तर स्वच्छ एक्स-रेवर समाधान मानू नका. अस्थिरोगतज्ज्ञांना एमआरआयबद्दल विचारा.