मालमोटार चालकाचा भत्ता, प्राप्तिकर आणि उतारवयाची तरतूद

आंबिया बहाराची संत्री उतरू लागली की पांढुर्णा व सौंसर या तालुक्यांतील रस्त्यांवर मालमोटारींची वर्दळ वाढते. बैतूलहून येणारा मार्ग पांढुर्ण्यावरून आणि छिंदवाड्याहून येणारा मार्ग सौंसरवरून सावनेरला मिळतो व तेथून नागपुराकडे जातो. संत्रा, कापूस आणि बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रातील पक्का माल याच वाटांनी बाहेर पडतो. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला व सौंसर त्यात समाविष्ट झाले. राज्य मध्य प्रदेश, घरची भाषा मराठी आणि रोजी पुष्कळदा नागपूरच्या फेरीवर, अशी या पट्ट्यातील चालकाची स्थिती आहे. त्याच्या कमाईतील ‘भत्ता’ या एका बाबीचा विचार येथे करावयाचा आहे.

गाडी सुटताना मालक चालकाच्या हाती जी रक्कम ठेवतो तीत डिझेल, पथकर, वाटेतील किरकोळ खर्च आणि चालकाचा भत्ता, ज्याला खुराकी असेही म्हणतात, हे सारे एकत्र असते. त्यांपैकी डिझेल व पथकर हा सर्वस्वी मालकाचा खर्च होय. भत्त्याचे तसे नाही. घरापासून दूर असताना चालकाला दोन वेळचे जेवण, चहा व स्नान यांसाठी जो पैसा लागतो त्याची ती भरपाई असते. परंतु काही ठिकाणी भत्ता या भरपाईपुरता राहत नाही. मूळ पगार लहान ठेवावयाचा आणि उरलेला मोबदला भत्त्याच्या नावे द्यावयाचा, अशी रीत पडते. चालकाने कारण विचारले तर ‘भत्त्यावर कर लागत नाही, तुझाच फायदा आहे’ असे उत्तर मिळते. हे उत्तर कितपत खरे आहे?

१९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात कामानिमित्त बाहेर असताना मिळणारा दैनिक भत्ता प्रत्यक्ष खर्च झालेल्या मर्यादेपर्यंत करमुक्त होता. असा दैनिक भत्ता न घेणाऱ्या वाहतूक कर्मचाऱ्याला वाहन चालविण्याच्या काळातील वैयक्तिक खर्चासाठी भत्ता मिळत असल्यास त्याच्या ७० टक्के, परंतु महिन्याला १०,००० रुपयांपर्यंत, सूट होती. ही दुसरी सवलत नव्या करपद्धतीत मिळत नव्हती. १ एप्रिल २०२६ ही २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा लागू होण्याची तारीख ठरविण्यात आली. तथापि चालकाच्या दृष्टीने प्रश्न याहून सोपा आहे. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या पद्धतीत पहिल्या ४ लाख रुपयांवर कर नाही, आणि १२ लाखांपर्यंतच्या करपात्र उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो. महिन्याला २० हजार मिळविणाऱ्याचे वार्षिक उत्पन्न २ लाख ४० हजार. त्याला पगार म्हणा की भत्ता म्हणा, कर मुळातच नाही. जो कर लागणारच नव्हता तो वाचविल्याचे श्रेय भत्त्याला देता येत नाही.

मालकालाही यात कराचा लाभ असतोच असे नाही. दहापेक्षा अधिक मालवाहू वाहने नसलेल्या मालकाला वाहनागणिक ठरावीक उत्पन्न धरून कर भरण्याची सोय १९६१ च्या कायद्याने दिली होती. ती स्वीकारल्यास चालकाला दिलेली रक्कम वहीत पगार म्हणून लिहिली काय किंवा भत्ता म्हणून लिहिली काय, करात फरक पडत नाही. फरक पडतो तो भविष्य निर्वाह निधीच्या वर्गणीत, आणि खरे कारण तेथेच शोधले पाहिजे.

अमेरिकेतही लांब पल्ल्याच्या चालकांच्या मोबदल्याचा काही भाग दैनिक भत्ता म्हणून देण्याची प्रथा आहे. तेथे त्या भागावर प्राप्तिकर व सामाजिक सुरक्षेची वर्गणी कापली जात नाही. आज हाती थोडे अधिक येते आणि म्हातारपणीचे निवृत्तिवेतन त्या प्रमाणात घटते. तो निदान एक सौदा आहे. आपल्या चालकाच्या बाबतीत कराचे पारडे रिकामेच असते आणि निवृत्तीच्या पारड्यातून मात्र वजन काढले जाते.

हे वजन किती, हे एका कल्पित उदाहरणाने पाहू. एका चालकाला महिन्याकाठी २०,००० रुपये मिळतात. तो २४ दिवस रस्त्यावर असतो आणि खाण्यापिण्याला रोज २५० रुपये लागतात. म्हणजे खरा भत्ता ६,००० आणि वेतन १४,००० रुपये. परंतु मालकाच्या वहीत पगार ८,००० आणि भत्ता १२,००० असा लिहिलेला आहे. निधीची वर्गणी उभयपक्षी १२ टक्के असून मालकाच्या हिश्श्यातील ८.३३ टक्के निवृत्तिवेतन योजनेकडे जातात. ८,००० वर चालकाचे ९६० आणि मालकाचे उरलेले २९४ मिळून १,२५४ रुपये दरमहा खात्यात पडतील. १४,००० वर हीच रक्कम १,६८० व ५१४ मिळून २,१९४ रुपये होईल.

निवृत्तिवेतनाचा फरक याहून बोलका आहे. १९९५ च्या योजनेप्रमाणे अखेरच्या ६० महिन्यांच्या सरासरी वेतनाला सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागतात. वीस वर्षे वा अधिक सेवा करून ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्यास दोन वर्षे वाढवून मिळतात. तीस वर्षे चाक हाती धरलेल्या चालकाला ८,००० च्या हिशेबाने सुमारे ३,६५७ रुपये आणि १४,००० च्या हिशेबाने ६,४०० रुपये मासिक निवृत्तिवेतन बसते. उपदान, म्हणजे बोलण्यातली ग्रॅच्युइटी, दर वर्षाला पंधरा दिवसांच्या वेतनाप्रमाणे मोजतात. ते पहिल्या हिशेबाने सुमारे १ लाख ३८ हजार, तर दुसऱ्याने २ लाख ४२ हजार होते. अपघाती मृत्यूची वा अपंगत्वाची भरपाईही मासिक वेतनावरच ठरते, हे घाटरस्त्याने रात्री गाडी हाकणाऱ्याच्या घरच्यांनी विसरू नये.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १४,००० वर वर्गणी कापली तर चालकाच्या हातातून दरमहा ७२० रुपये अधिक जातात. मुलांची फी आणि घरभाडे समोर असताना हे ७२० मोठे वाटतात. त्यामुळे पुष्कळ चालक स्वतःच मोठा भत्ता मागतात. त्यांना अडाणी म्हणण्याचे कारण नाही. मात्र तेवढेच ७२० मालकाच्या बाजूनेही भरले गेले असते, हे त्यांना सहसा कोणी सांगत नाही.

कायद्याने या रीतीला पूर्वीच अटकाव केला आहे. विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २८ फेब्रुवारी २०१९ रोजी असा निर्णय दिला की, जे भत्ते सर्वांना सरसकट व नियमितपणे दिले जातात आणि अधिक कामाशी ज्यांचा संबंध नाही, ते निधीच्या वर्गणीसाठी मूळ वेतनातच धरावेत. पुढे चार श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांतील व्याख्येप्रमाणे कामाच्या स्वरूपामुळे येणाऱ्या विशेष खर्चाची भरपाई वेतनात येत नाही. परंतु अशा वगळलेल्या बाबींची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक झाली तर वरची रक्कम वेतनच समजली जाते. आपल्या उदाहरणात १२,००० पैकी २,००० रुपये परत वेतनात येतील आणि हिशेब ८,००० ऐवजी १०,००० वर होईल. हे किमान संरक्षण झाले. खरे वेतन १४,००० असेल तर निम्म्याच्या नियमाने त्याची पूर्ण भरपाई होत नाही.

निधीचा कायदा वीस वा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना लागू होतो. दोन-चार गाड्यांच्या मालकाकडील चालक त्याबाहेर राहतात. अशांसाठी अठरा ते चाळीस वयोगटात प्रवेश देणाऱ्या अटल पेन्शन योजनेचा आणि मासिक उत्पन्न १५,००० रुपयांपर्यंत असल्यास प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेचा मार्ग आहे. चाळिशी ओलांडल्यावर ही दोन्ही दारे बंद होतात.

ज्यांचे खाते आहे त्यांनी पासबुकात ‘वेतन’ या रकान्यात कोणता आकडा दाखविला आहे तो पाहावा आणि फेरीच्या हिशेबाच्या चिठ्ठीशी ताडून घ्यावा. तफावत असल्यास प्रथम मालकाकडे लेखी विचारणा करावी व उत्तर न मिळाल्यास निधी कार्यालयाकडे अर्ज करावा. या पट्ट्यात आणखी एक गोष्ट वारंवार घडते. चालक काही वर्षे नागपूरच्या मालकाकडे, मग पांढुर्ण्याच्या, मग पुन्हा सावनेरच्या मालकाकडे काम करतो, आणि प्रत्येक वेळी जुन्या खात्यातील पैसे काढून मोकळा होतो. निवृत्तिवेतनाला किमान दहा वर्षांची सेवा लागते; पैसे काढले की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. नव्या मालकाला जुनाच सार्वत्रिक खातेक्रमांक द्यावा व मागील सेवा त्यात वर्ग करून घ्यावी. राज्याची हद्द या क्रमांकाला आड येत नाही.