शब्दाचा शेजार

इंग्रजी शब्दांच्या याद्या घोकून केलेला साठा परीक्षेपुरताच पुरतो. मोल्सवर्थ-कँडींचा १८४७ सालचा इंग्रजी-मराठी कोश थोर खरा. पण कोश पाठ करण्यासाठी नसतो. शब्द वाक्यासकट उचलावा, असे आम्हांस वाटते. 'जिन' म्हणजे मद्य, सापळा की यंत्र? शेजारी कापूस-सरकी दिसली की जळगाव-धुळ्याचा मुलगा अडत नाही. 'हँड' म्हणजे हात, हे लहान पोरही सांगेल. मात्र केळीच्या घडाविषयी वाचताना तोच शब्द फणी होतो, आणि 'फिंगर' म्हणजे एकेक केळे! बागाईतदाराच्या पोराला हे मास्तरांआधी उमगावे. एकदा बसलेला अर्थ पुढे फसवतोही. 'लिंट' जिनमध्ये रुई, तर दवाखान्यात जखमेवर ठेवायचे मऊ कापड. तेव्हा आधी अंदाज बांधावा, मग कोश उघडावा.