तीन राजे असूनही अर्धाच पॉट?

शहाद्यात आमचा पत्त्यांचा कट्टा बसतो. पैशांऐवजी चिंचोके! परवा ओमाहा हाय-लो खेळलो. यात अर्धा पॉट, म्हणजे डावात जमलेले अर्धे चिंचोके, सर्वांत मोठ्या हाताला जातो, अर्धा सर्वांत लहान हाताला.

हातातल्या चारपैकी नेमके दोन पत्ते आणि टेबलावरचे तीन घ्यायचे. 'लो'साठी, म्हणजे लहान हातासाठी, अठ्ठीपर्यंतचे पाच वेगवेगळे पत्ते हवेत; तसा हात कुणाचाच नसेल, तर सगळा पॉट मोठ्या हाताला. एक्का सर्वांत लहान.

एका मित्राकडे दोन राजे, फ्लॉपवर (टेबलावर उघडलेल्या पहिल्या तीन पानांत) राजा-सत्ती-चव्वी. आणि हा काहीच न लावता गप्प! म्हणे, येऊ देत अजून चिंचोके.

समोरच्याकडे एक्का-दुर्री, बाकी दोन मोठी पानं. त्याला तिर्री, पंजी, छक्की, अठ्ठी काहीही चालतं. म्हणजे 16 पत्ते! दोन पानं फुकट पाहिली, तर 'लो' लागण्याची शक्यता सुमारे 59 टक्के.

म्हणून फ्लॉपवरच दणकून लावा. टर्नला, म्हणजे चौथं पान उघडताना, मोठं पान पडलं की त्याची शक्यता 36 टक्क्यांवर येते. तेव्हा तर आणखी लावा. टेबलावर तिसरं लहान पान पडलं, तर हात आखडा. आता तुम्ही बहुधा अर्ध्यासाठीच खेळताय, आणि समोर सिक्वेन्सही लागलेली असू शकते.

फ्लॉप राजा-राणी-चव्वी असता तर? तुम्ही काय केलं असतं, सांगा. शंका असतील तर बिनधास्त विचारा.