स्वस्त सर्व्हर आणि पुराचा दिवस

उल्हास नदीच्या पातळीच्या नोंदी दाखवणारे एक छोटे वेब अ‍ॅप्लिकेशन मी कात्रपमधल्या घरी बसून चालवतो. त्यासाठी क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घ्यायचा, तर कोणत्या वर्गाचा? एरवी दिवसाला चाळीस-पन्नास माणसे पान उघडतात. पण २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली, तसा दिवस आला की सारे गाव एकाच वेळी पाहणार. सरासरीवर हिशेब केला तर नेमके त्याच दिवशी फसतो.

अ‍ॅमेझॉनचा ‘टी२ मायक्रो’ घ्या. मेमरी १ जीबी. प्रोसेसर सतत वापरता येतो फक्त १० टक्के. तासाला ६ ‘क्रेडिट’ मिळतात, न वापरलेली साठतात, पण १४४ च्या वर नाही. एक क्रेडिट म्हणजे पूर्ण प्रोसेसर एक मिनिट. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरची टाकीच म्हणा ना! पूर्ण जोराने वापरली तर भरलेली टाकी १६० मिनिटांत रिकामी. पूर इतक्या लवकर ओसरत नाही. ‘टी३’मध्ये मूळ सेटिंगच ‘अनलिमिटेड’. तिथे वेग टिकतो, बिल वाढते.

मी वरचा वर्ग घेतलाच नाही. नोंद दहा मिनिटांनी बदलते, मग प्रत्येक वाचकासाठी डेटाबेस कशाला उघडायचा? तयार पान फाइल करून ठेवले. मेमरीला मात्र अशी साठवण नसते. डेटाबेस १ जीबीत मावेना, तर वरचा वर्ग घ्यावाच लागतो.