नगरची भाषणे, ज्युरीचा कौल आणि अपील

१९१६ साली नगरमध्ये (आजचे अहिल्यानगर) केलेल्या भाषणांमुळे लोकमान्य टिळक तुरुंगात गेले, असे आपल्या जिल्ह्यात अनेकजण समजतात. तसे घडले नाही. ३१ मे आणि १ जूनची नगरची दोन भाषणे आणि बेळगावचे एक, यांवरून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडे वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. बॅ. जिनांनी बाजू मांडली आणि ९ नोव्हेंबरला मुंबई हायकोर्टाने तो हुकूम रद्द केला. राजद्रोहासाठी टिळकांना शिक्षा झाली ती १८९७ आणि १९०८ मध्ये, दोन्हीदा ज्युरीपुढे.

ज्युरी चुकली तर वरचे कोर्ट सगळा पुरावा पुन्हा तपासत असे, हाही गैरसमजच. ज्युरी दोषी की निर्दोष एवढेच सांगे, कारणे देत नसे. त्यामुळे हायकोर्टातल्या अशा खटल्यात बोट ठेवायला मुख्यतः एकच जागा उरे: न्यायाधीशाने ज्युरीला कायदा चुकीचा समजावला का? १८९७ मध्ये न्या. स्ट्रॅची यांनी सरकारविषयी ‘अप्रीती’ म्हणजे प्रीतीचा अभाव, असे सांगितले. सहा युरोपियन ज्युरर दोषी म्हणाले, तीन हिंदी निर्दोष. दीड वर्षाची सक्तमजुरी झाली. प्रिव्ही कौन्सिलमध्ये ॲस्क्विथ, जे पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झाले, टिळकांसाठी उभे राहिले, पण अपिलाची परवानगीच मिळाली नाही. हा उघड अन्याय होता. प्रेम नसणे हाच गुन्हा, तर त्या वेळच्या दुष्काळात सारामाफी मागणारा प्रत्येक शेतकरी गुन्हेगार ठरला असता.

१९१६ मध्ये न्या. बॅचलर आणि न्या. शहा यांच्यापुढे ज्युरी नव्हती, भाषणे होती. त्यांनी सुटी वाक्ये न उचलता ती सलग वाचली. अप्रीतीचा तो जुना अर्थही बॅचलर यांनी मानला नाही.

ज्युरीबद्दल आणखी एक समज: नौदल अधिकारी नानावटी यांच्यावरचा गाजलेला खून खटला देशातला शेवटचा ज्युरी खटला. हेही खरे नाही. त्यानंतरही काही ठिकाणी ज्युरी चालू राहिली. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती काढून टाकली.

आज अहिल्यानगरच्या सत्र न्यायाधीशांना निकालाची कारणे लिहावीच लागतात. शिक्षेविरुद्धच्या अपिलात मुंबई हायकोर्टाचे छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ ती कारणे आणि साक्षीपुरावा दोन्ही तपासते. मात्र चूक सापडली की सुटका, असे नसते. त्या चुकीने न्याय बिघडला, हे दिसावे लागते. हायकोर्टातल्या अपिलाची मुदत साठ दिवस, फाशी असेल तर तीस. वकील नसलेला कैदी तुरुंग अधिकाऱ्यामार्फतही अपील पाठवू शकतो.