दूध तोडलेल्या वराहपिल्लांचा आहार व आतड्यांचे आरोग्य

मादीपासून वेगळे करून घन खाद्यावर आणलेल्या डुकराच्या पिल्लांना दूध तोडलेली वराहपिल्ले म्हणतात. नैसर्गिक स्थितीत पिल्लांचे दूध तीन-चार महिन्यांत हळूहळू सुटते. व्यावसायिक वराहपालनात ते तीन-चार आठवड्यांतच तोडले जाते. युरोपीय संघात यासाठी किमान वय २८ दिवस असून, विशेष निवाऱ्याची सोय असल्यास २१ दिवस आहे.

आतड्यांतील बदल

दूध तुटल्यावर पिल्लू सुरुवातीला फारसे खात नाही. त्यामुळे लहान आतड्यातील रसांकुर आखूड होतात व अन्नशोषण घटते. जठरात आम्ल कमी स्रवते, तसेच दुधातून मिळणाऱ्या प्रतिपिंडांचे संरक्षणही संपते. अशा वेळी एश्चेरिकिया कोलाय या जीवाणूचे काही प्रकार आतड्याच्या अस्तराला चिकटतात. त्यांच्या विषामुळे पाणी व क्षार आतड्यात पाझरून हगवण लागते आणि निर्जलीकरणाने पिल्ले दगावू शकतात.

आहार

न पचलेली प्रथिने मोठ्या आतड्यात कुजल्याने अमोनियासारखे अपायकारक पदार्थ तयार होतात. म्हणून खाद्यातील प्रथिने कमी करून लायसिन, मेथिओनिन, थ्रिओनिन व ट्रिप्टोफॅन ही अमिनो आम्ले स्वतंत्रपणे मिसळतात. सोयाबीनमधील पचनरोधक घटक निष्प्रभ करण्यासाठी त्यावर उष्णतेची प्रक्रिया करतात. दूध तोडण्यापूर्वीच थोडे घन खाद्य देऊन पिल्लांना त्याची सवय लावली जाते.

पूरके

फॉर्मिक, सायट्रिक व बेंझोइक ही आम्ले जठराची आम्लता वाढवतात. उपयुक्त जीवाणू (प्रोबायोटिक) आणि त्यांचे पोषण करणारे इन्युलिनसारखे तंतुमय पदार्थही वापरले जातात. यांचा परिणाम मात्र खाद्य, स्वच्छता व पिल्लाचे वय यांनुसार बदलतो.

प्रतिजैविके व झिंक ऑक्साइड

वाढीसाठी खाद्यात प्रतिजैविके मिसळण्यास स्वीडनने १९८६ मध्ये, तर युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. हगवणीवर झिंक ऑक्साइड गुणकारी असले, तरी त्यातील बहुतांश जस्त शेणखतावाटे जमिनीत साचते आणि प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जीवाणूंना वाव मिळतो. त्यामुळे औषधी मात्रेतील त्याचा वापर युरोपीय संघात जून २०२२ पासून बंद झाला. डुकरांवर वापरले जाणारे कोलिस्टिन हे माणसांसाठी अखेरच्या उपायांपैकी एक औषध आहे. त्याला दाद न देणारे, एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारे जनुक २०१५ मध्ये चीनमध्ये आढळले. भारताने २०१९ मध्ये अन्नोत्पादक प्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली. पिल्लांच्या आहाराचा प्रश्न अशा रीतीने मानवी आरोग्याशीही निगडित आहे.